वाचक विचारतात : बार्शी लाईट रेल्वे, तिचे रूळ, मालक आणि उरलेल्या खुणा

बार्शी लाईट रेल्वे म्हणजे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली अडीच फुटी छोटी लाइन. तिच्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न जोडून टाकले आणि लांब पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला.

आमच्या जुन्या अडत दुकानाच्या कागदांवर माल 'बार्शी रोड'ला उतरवल्याच्या नोंदी आहेत. बार्शीत स्टेशन असताना हे 'रोड' कुठलं?
एक वाचक, बार्शी

बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मुंबईहून येणारी मोठी लाइन १८६० साली सोलापूरला पोचली, पण ती बार्शीला न शिवता तीसपस्तीस किलोमीटर अलीकडून गेली. मोठ्या गावासाठी स्टेशन आहे, पण गाव तिथून लांब आहे, अशा ठिकाणी नावाला 'रोड' जोडायची रेल्वेची जुनी सवय. तुमच्याच भागातलं कळंब रोड किंवा मिरजेकडच्या फाट्यावरचं जत रोड ही त्याच जातीची नावं.

कागदांचा काळ ठरवायचा असेल तर 'बार्शी रोड'वर विसंबू नका, कारण छोटी लाइन आल्यावरही ते नाव चालू होतं. 'बार्शी टाउन' हे नाव मात्र उपयोगी पडतं. ते छोट्या लाइनच्या स्टेशनचं नाव, म्हणजे तो कागद १८९७ किंवा त्यानंतरचा. रेल्वे हशील आणि गाडीभाडं वेगवेगळं मांडलं असेल, आणि ते गाडीभाडं बार्शी रोड ते बार्शी एवढ्याच टप्प्याचं असेल, तर बैलगाडीच्या काळातला कागद असण्याची शक्यता बरीच. आणखी एक अडचण पुष्कळांना येते. १८८४ च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये ते ही रेल्वे शोधतात आणि सापडत नाही म्हणून गोंधळतात. ती सापडणारच नाही, कारण ते गॅझेटियर लाइनच्या तेरा वर्षं आधीचं आहे.

मीटरगेज तरी घालायचं होतं. अडीच फुटी खेळण्यातली रेल्वे आपल्या माथी मारून इंग्रज कंपनीने पैसे वाचवले, असंच ना?
एक वाचक, लातूर

पैसे वाचवले हे खरं. खेळणं मात्र ती नव्हती. या रेल्वेचं खरं वैशिष्ट्य रुळांमधल्या २ फूट ६ इंच अंतरात (७६२ मिलिमीटर) नसून प्रत्येक आसावरच्या, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरच्या, ५ टनांत आहे. बार्शीवर लिहिणारे बहुतेक जण गेजपाशीच थांबतात आणि मुद्दा निसटतो.

लाइनचा खर्च बऱ्याच अंशी रुळाच्या वजनावर ठरतो, आणि रुळाचं वजन ठरतं त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांत जड आसावर. साध्या लाइनवर तो आस इंजिनाचा असतो. म्हणजे दिवसातून काही वेळा जाणाऱ्या इंजिनासाठी सगळ्या लाइनभर जाड रूळ घालायचा, आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मात्र त्या रुळाच्या ताकदीच्या निम्म्यानेही भरायच्या नाहीत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा जीआयपीमध्येच काम केलेला इंजिनीअर. त्याने हिशेब उलटा धरला. आधी रूळ ठरवला, यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. एवढ्या रुळाला एका आसाचे ५ टन झेपतात. मग इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही आणि भरलेल्या वाघिणीचा भार त्या मर्यादेच्या शक्य तितका जवळ जाईल, अशी सगळी गाडी बेतली.

वाघीण चार आसांची, दोन बोगींवर बसवलेली. चार गुणिले पाच म्हणजे भरलेली वाघीण २० टनांची. तिचं स्वतःचं वजन जेवढं कमी तेवढा माल जास्त. म्हणून सांगाडा ओतीव किंवा जोडकामाचा न करता दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचा केला. मालवाहू वाघिणींचा सांगाडा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असा एकाच मापाचा ठेवला, म्हणजे सुटे भागही एकच. रुंदी गेजच्या जवळजवळ तिप्पट होते, हे पाहून लोकांना गाडी उलटेल असं वाटतं. पण चाकं लहान आणि जमीन खाली असल्यामुळे भाराचा मध्य खालीच राहतो. उलटायचा धोका वाघीण एका बाजूने भरल्यावर येतो. कापसाच्या गठाणी एकाच अंगाला रचल्या की दुसऱ्या अंगाच्या रुळावरचा भार हलका होतो आणि वळणावर चाक चढतं. हलक्या रुळाला हे जास्त बाधतं, कारण खालची खडी थोडी बसली तरी रूळ लगेच वाकतो.

मीटरगेज घातलं असतं तरी पुण्या-मुंबईला जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवावाच लागला असता. गेज बदलण्याचा त्रास तोच राहिला असता आणि लाइन महाग पडली असती. खरा पर्याय ब्रॉडगेजचाच होता, आणि ३५ किलोमीटरच्या फाट्यासाठी तेवढे पैसे घालायला त्या वेळी कुणी तयार नव्हतं.

वरच्याच विषयावर : सहा आसांच्या त्या इंजिनाने किती वाघिणी ओढल्या असतील? गणित कसं करायचं?
अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, ०-८-४ मांडणीची. पुढे आठ जोडचाकं, मागे चार आधाराची चाकं, टाकी इंजिनावरच. सहा आसांवर ५ टन म्हणजे पूर्ण वजन जास्तीत जास्त ३०. ओढायला उपयोगी पडतं ते जोडचाकांवरचं वजन, म्हणजे चार आसांचे २० टन. कोरड्या रुळावर त्याचा साधारण चौथा हिस्सा ओढ म्हणून मिळतो : ५ टन, म्हणजे ५००० किलो.

आता विरोध. १०० ला १ चढावर दर टनामागे १० किलो चढाचे आणि सुमारे ४ किलो चाकं फिरण्याचे, मिळून १४. पाच हजाराला चौदाने भागा, ३५७ टन येतात. त्यातून इंजिनाचे ३० वजा करा. उरलेल्या सव्वातीनशे टनांत २० टनी भरलेल्या सोळा वाघिणी बसतात. चढ ६० ला १ झाला की दर टनी विरोध २० च्या पुढे जातो आणि दहा वाघिणींवर गाडी अडते.

ही कागदावरची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात बॉयलर तेवढी वाफ सतत देत नाही, म्हणून आकडा खाली येतो. पावसात किंवा गवत चिरडून रूळ बुळबुळीत झाला की चौथ्या हिश्शाचा सहावा होतो, तेव्हा वाळू टाकावी लागते. शिवाय टाकी इंजिनावरच असल्यामुळे पाणी आणि कोळसा संपत जातो तसं इंजिन हलकं होतं आणि पकडही कमी होत जाते. बार्शीहून येडशीकडे जाताना लाइन बालाघाटाच्या डोंगरावर चढते. अशा चढाच्या पायथ्याशी टाकी भरून निघण्यात दुहेरी फायदा असतो, पाण्याचा आणि पकडीचाही.

एवढी चांगली योजना होती तर ती तोट्यात का गेली? सगळे सांगतात की कुर्डुवाडीला माल बदलावा लागायचा म्हणून. मग हे सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही का?
एक वाचक, कुर्डुवाडी

लक्षात आलं होतं. पण सुरुवातीला तो तोटा नव्हताच. १८९७ साली या रेल्वेची स्पर्धा होती बैलगाडीशी. बार्शीच्या पेठेतून कापूस, सरकी, तेलबिया घेऊन निघालेली गाडीही बार्शी रोडला येऊन रिकामी व्हायचीच आणि माल मोठ्या लाइनच्या वाघिणीत चढवावा लागायचाच. छोटी रेल्वे आली तेव्हा माल बदलायचं काम वाढलं नाही. आधीचंच राहिलं, फक्त गाडीचा दिवसभराचा प्रवास दोनेक तासांवर आला आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायची थांबली.

चित्र बदललं ते ट्रकमुळे. बार्शीच्या गोदामाच्या दारात भरलेला ट्रक मुंबईच्या गोदामाच्या दारातच उघडतो. त्याच्यापुढे कुर्डुवाडीचा फलाट एकदम महाग वाटायला लागला.

त्या फलाटावर काय होतं ते बारकाईने पाहिलं तर खर्च कळतो. मधे फलाट, एका बाजूला छोटी लाइन, दुसऱ्या बाजूला मोठी. दोन्हीकडच्या वाघिणींची जमीन फलाटाच्या पातळीला येईल अशी बांधणी असली की पोतं पाठीवरून आडवं नेता येतं. ब्रॉडगेजच्या चार चाकी बंद वाघिणीत साधारण २२ टन माल मावायचा. क्विंटलच्या पोत्यांनी २२० पोती. छोट्या लाइनच्या एका वाघिणीत त्याहून कमी, म्हणजे जोड कधीच बरोबर जुळत नाही. दीड वाघीण रिकामी होते, अर्धी भरलेली उभी राहते. त्या दिवशी मोठ्या लाइनच्या रिकाम्या वाघिणी आल्या नाहीत तर छोट्या लाइनच्या भरलेल्या वाघिणी साइडिंगला अडकतात, आणि कंपनीकडे वाघिणी मोजक्याच असल्यामुळे तिकडे लातूरला माल पडून राहतो. हुकाने पोतं फाटतं, सरकी सांडते, मोजणीत दोन पोती कमी भरतात आणि दावा कुठल्या रेल्वेवर लावायचा यावर पत्रव्यवहार चालतो. पावसाळ्यात गठाण भिजते ती वेगळीच.

हा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. माल ३५ किलोमीटर आला काय आणि २०० आला काय, उतरवणं-चढवणं तेवढंच. म्हणून फाटा जितका आखूड तितका तो जास्त बोचतो. कंपनी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली त्यामागे हा हिशेब नक्कीच असणार. पंढरपूरचा फाटा त्यातल्या त्यात सुखाचा, कारण माणूस स्वतःच्या पायाने गाडी बदलतो. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्याला उतरवायला हमाल लागत नाही.

मिरजेला तर तीन गेज एकत्र आले. बार्शी लाईटची छोटी लाइन तिथे मीटरगेजला मिळाली, आणि १९७१ मध्ये पुणे-मिरज लाइन ब्रॉडगेज झाल्यावर काही वर्षं १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर असे तिन्ही मापांचे रूळ एका स्टेशनात पाहायला मिळत.

कॅल्थ्रॉपने पॅराशूटही बनवलं होतं असं ऐकलं. तोच माणूस का?
एक वाचक, पुणे

तोच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. त्याच्या आधी बार्शीची पद्धत त्याने इंग्लंडमध्येही नेली होती. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही लाइन १९०४ मध्ये सुरू झाली. गेज तोच, इंजिनं किटसनचीच, आणि त्यातल्या एका इंजिनाला त्याचंच नाव दिलेलं. दूध आणि थोडे प्रवासी यांवर ती जगली नाही. १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३७ पासून तिच्या मार्गावर पायवाट आहे. बार्शीची लाइन तिच्यापुढे सत्तर वर्षं टिकली. फरक इंजिनिअरिंगचा नव्हता. बार्शीला बाजारपेठ होती आणि शेवटी पंढरपूर होतं. कॅल्थ्रॉप १९२७ मध्ये वारला, लाइन मिरजेला पोचली त्याच वर्षी.

विदर्भातली शकुंतला आणि बार्शी लाईट एकाच कंपनीच्या का? बार्शी सरकारजमा झाली, शकुंतला का नाही?
एक वाचक, यवतमाळ

कंपन्या वेगळ्या. शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या लाइनी, तसंच पुलगाव-आर्वी, या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या. तिचा कारभार किलिक निक्सन या व्यापारी पेढीकडे. गेज दोन्हींचा ७६२ मिलिमीटर, त्यामुळे लोक एकच समजतात.

खरा फरक गाड्या कोण चालवत होतं यात आहे. बार्शी लाईट ही लंडनची कंपनी. लाइनही तिची आणि गाड्याही तीच चालवायची : स्वतःची इंजिनं, स्वतःचे कामगार, कुर्डुवाडीला स्वतःचा कारखाना. शकुंतलेच्या कंपनीकडे जमीन आणि रूळ. गाड्या चालवायचं काम आधी जीआयपीकडे, पुढे मध्य रेल्वेकडे, आणि त्या बदल्यात कंपनीला करारानुसार वाटा. १९५१ मध्ये मध्य रेल्वे तयार झाली तेव्हा बार्शी तिच्यात नव्हती. सरकारने ती १९५४ मध्ये विकत घेतली आणि मग मध्य रेल्वेला जोडली. चालू धंदा विकत घेतला की सगळंच हातात येतं. शकुंतलेत गाडी आधीच सरकारी माणसं चालवत होती, त्यामुळे मालकी घ्यायची निकड कुणाला भासली नाही आणि करार पुढे सरकत राहिले. तिथलं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, यातच सगळं आलं.

माथेरानची गाडी या दोन्हींपासून निराळी. तिचा गेज २ फुटांचा, आणि ती १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभी केली.

आजोबांच्या पेटीत बार्शी लाईट रेल्वे कंपनीचा पौंडांतला शेअर सापडला. रेल्वेकडून काही मिळेल का? नाहीतर तो कसा जपावा?
एक वाचक, मुंबई

रेल्वेकडे अर्ज करून उपयोग नाही. सरकारने १९५४ मध्ये व्यवहार केला तो कंपनीशी. भागधारकांचं देणं हा कंपनीचा विषय होता. कागदाला किंमत असलीच तर ती संग्राहकाच्या बाजारातली, आणि ती कागदाच्या स्थितीवर ठरते.

आधी तो शेअर आहे की कर्जरोखा ते वाचा, दोन्ही छापलेले दिसतात सारखेच. मग कडेला भोकं पाडलेली आहेत का, आडवा शिक्का किंवा कापलेला कोपरा आहे का ते पाहा. असेल तर तो रद्द केलेला कागद आहे. संग्राहकाला त्याने फारसा फरक पडत नाही. सह्या हाताच्या आहेत की छापील, महसुली शिक्का उठावाचा आहे का, पाठीमागे हस्तांतराच्या नोंदी आहेत का, हे टिपून ठेवा. पाठीमागच्या नावांवरून शेअर कुणाकडून तुमच्या घरात आला ते कळतं, आणि घरच्यांना बहुधा त्यातच जास्त रस असतो.

लॅमिनेशन करू नका. गरम प्लॅस्टिकमध्ये कागद कायमचा अडकतो आणि किंमत शून्यावर येते. टाचण्या, स्टेपल, चिकटपट्टी काढायची झाली तर चिकटपट्टीला हात लावू नका, तज्ज्ञाकडे न्या. टाचणी मात्र लगेच काढा, गंज कागद खातो. घड्या उलगडून दोन आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा, आणि मुंबईच्या दमट हवेत बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. कंपनीचा इतिहास शोधायचा असेल तर मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेच्या फायली मागा. लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बंद पडलेल्या कंपन्यांच्या फायलींची 'बीटी ३१' ही मालिका आहे, तिच्यातही कंपनीच्या नावाने शोध घ्या.

२०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी आणणारी गाडी बार्शी लाईटच्या मार्गानेच आली का?
एक वाचक, लातूर

हो, त्याच वाटेने. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. फक्त रूळ ब्रॉडगेजचे. लातूर ते धाराशिव हा भाग २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, पंढरपूर-मिरज त्यानंतर. जुनी छोटी लाइन धाराशिव शहराला न लागता येडशीवरून जायची. रुंदीकरणात मार्ग वळवून शहराजवळ आणला, म्हणून आज अंतर थोडं जास्त भरतं.

एप्रिल २०१६ मधल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाण्याच्या. नंतर पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. टाक्या मुळात तेलाच्या, कोटा इथल्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतलेल्या.

छोटी लाइन असती तर काय झालं असतं ते वरच्या गणितावरून काढता येतं. २५ लाख लिटर म्हणजे २५०० टन. २० टनी वाघिणीचं स्वतःचं वजन ५ टन धरलं तर उरले १५. म्हणजे १६७ वाघिणी, सोळा-सोळाच्या दहाहून जास्त गाड्या, आणि त्याही १०० ला १ पेक्षा जास्त चढ कुठे नाही असं गृहीत धरून. एका आसावर ५ टन ही मर्यादा बार्शीच्या कापसाला पुरली. शहराच्या पाण्याला ती पुरली नसती.

जुनी लाइन जमिनीवर शोधायची आहे. सुरुवात कुठून करावी? आणि भंगारवाल्याकडे मिळालेला रुळाचा तुकडा बार्शी लाईटचाच आहे हे कसं ओळखावं?
एक वाचक, धाराशिव

नकाशापासून. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने इंची-मैली नकाशे घ्या, रुंदीकरणाच्या आधीचे. पत्रकांचे क्रमांक अक्षांश-रेखांशावर चालतात : कुर्डुवाडी आणि बार्शी ४७ एन मध्ये, पंढरपूर आणि सांगोला ४७ ओ मध्ये, मिरज ४७ एल मध्ये, लातूर ५६ बी मध्ये. छोट्या लाइनची खूण मोठ्या लाइनच्या खुणेपेक्षा वेगळी असते, ती समासातल्या सूचीत आधी पाहून घ्या. नाहीतर ट्रॉलीमार्गाला रेल्वे समजाल. मग त्याच भागाचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा.

सगळीकडे जुना मार्ग वेगळा सापडणार नाही. बऱ्याच ठिकाणी नवा भराव जुन्यावरच बसला आहे. तुम्ही धाराशिवचे आहात, तर बार्शी-येडशी पट्टा धरा. तिथे मार्ग बदलला आहे, म्हणून जुना मोकळा सापडण्याची आशा जास्त. शेताचे बांध चौकोनी असताना मधूनच एखादा बांध सलग, एकसारख्या वळणाने जात असेल तर तो बहुधा भराव. ओढ्याशी जा. भराव नांगरला जातो, पण दगडी मोरी सहसा कुणी काढत नाही. मोरीची रुंदी मोजा. ती ब्रॉडगेजच्या मोरीपेक्षा ठळक कमी भरते. लातूर शहरात 'जुनी रेल्वे लाईन' हा पत्ता अजून वापरात आहे, तिथे शोधायचीही गरज नाही. चालू लाइनच्या कडेने मोजमाप करत फिरू नका, तो गुन्हा आहे. आणि शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा.

रुळाच्या तुकड्याचं आधी वजन करा. बरोबर एक मीटर तुकडा असेल तर जेवढे किलो भरले त्यांना दोनाने गुणा, यार्डाचे पौंड जवळपास मिळतात. १५ किलो भरला तर ३० पौंडी. गंजाने आणि झिजेने एखादा किलो कमी भरेल, ते धरून चला. मग मधल्या उभ्या पट्टीवर तारेच्या ब्रशने घासा. कारखान्याचं नाव, साल आणि वजन तिथे उठावाने असतं. ॲसिडने साफ करू नका, अक्षरांच्या कडा जातात. ३० पौंडी निघाला म्हणून तो बार्शीचाच असं मात्र नाही. साखर कारखान्यांच्या आणि खाणींच्या ट्रॉलीमार्गांवरही असाच हलका रूळ असे. आणि रेल्वेचे हलके रूळ काळाच्या ओघात बदलून जड घातले जातात, म्हणून जड तुकडा बार्शीचा नाहीच असंही म्हणता येत नाही. तुकडा कुठून आला हे भंगारवाल्याने सांगितलं आणि सालही जुळलं, तरच नाव द्या.

बार्शीच्या पहिल्या इंजिनाचं मॉडेल करायचं आहे. कुठलं प्रमाण धरावं, रूळ कुठले घ्यावेत?
एक वाचक, ठाणे

१:८७ धरा. ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ मिलिमीटर येतं, आणि बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्याच्या अगदी जवळ आहे. १:७६ मध्ये खरा गेज १० मिलिमीटर हवा. तिथे ९ चा रूळ वापरला तर गाडी रुळांवर जास्तच रुंद दिसते, आणि बार्शीची वाघीण मुळातच रुंद. २५ बाय ७ फुटांची वाघीण १:८७ मध्ये साधारण ८८ मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस रुंद होते.

रुळाच्या उंचीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ३० पौंडी रूळ उभा सुमारे ८० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये एक मिलिमीटरहूनही कमी. कोड ४० चा रूळ जवळपास जुळतो (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली रुळाची उंची). कोड ५५ लावलात तर तो मोठ्या लाइनचा रूळ दिसेल आणि बार्शीचा सगळा हलकेपणा गेला. इंजिनासाठी मॅनिफोल्ड लाइनच्या इंजिनाचा संच घेऊन त्यावर काम करायचा मोह होतो. तो टाळा. ते इंजिन २-६-४ मांडणीचं, तीनच जोडआस. बार्शीचं ०-८-४, चार जोडआस आणि पुढे आधाराचं चाक नाही. खालचा सांगाडा नव्यानेच करावा लागेल. आठ जोडचाकं लहान वळणावर अडकतात, म्हणून मधल्या दोन जोड्यांना आडवी ढिलाई ठेवा, आणि जोडदांडा एकसंध न करता सांध्याचा करा.